डाऊनीचा इशारा कधी द्यायचा? तासगावच्या द्राक्षबागा, असंतुलित डेटा आणि फवारणीचा निर्णय

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात सावळज-मणेराजुरीच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने बागायतदाराचे लक्ष आभाळाकडे असते. परतीचा पाऊस लांबला, किंवा नोव्हेंबरात अवकाळी आला, की डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. पोंगा अवस्थेत (डोळे फुटताना) आली तर पाने जातात, फुलोऱ्यात आली तर घडच जातो. २००९ च्या नोव्हेंबरातले फयान वादळ आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस द्राक्षवाल्यांना अजून आठवतो. उलट कोरड्या वर्षी याच दोन महिन्यांत डाऊनीचा डागही दिसत नाही, आणि मारलेली निम्मी औषधे नुसती भीतीपोटी मारलेली असतात.

म्हणजे प्रश्न साधा आहे: आज संध्याकाळी या बागेत जादा आंतरप्रवाही (झाडात शोषले जाणारे) औषध मारायचे की नाही? उत्तर द्यायला मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शक्यता काढायला शिकणारा संगणक प्रोग्राम, बसवले की पहिली अडचण अशी, की संसर्गाचे दिवस फार थोडे असतात. असा डेटा समोर आला की बहुतेक जण लगेच तो ‘बॅलन्स’ करायला, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ नोंदींचे पारडे सारखे करायला धावतात. या प्रकरणात तसे का करू नये आणि खरी गोम कुठे असते, ते एका संपूर्ण उदाहरणावरून पाहू. बागांची संख्या, नोंदी, रुपये आणि मॉडेलचे निकाल हे हिशेब उलगडण्यासाठी धरलेले आकडे आहेत. रोगाचे वागणे आणि गणित मात्र जसे आहे तसेच घेतले आहे.

नोंदी कशा धरल्या

३० बागा, प्रत्येकी एक एकर, चार हंगाम. छाटणीनंतरच्या १५व्या दिवसापासून ६४व्या दिवसापर्यंत रोज एक ओळ, म्हणजे प्रत्येक बागेच्या एका हंगामाच्या ५० ओळी आणि एकूण ६,०००. प्रत्येक ओळीत त्या संध्याकाळी हाताशी असलेली माहिती: छाटणीनंतरचा दिवस, वाण, गेल्या २४ आणि ७२ तासांतला पाऊस, पान किती तास ओले राहिले, रात्री आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किती तास होती, किमान-कमाल तापमान, पुढच्या तीन दिवसांचा पावसाचा अंदाज, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. लेबल: पुढच्या तीन दिवसांत या बागेत संसर्ग सुरू झाला की नाही. एका संसर्गाच्या आधीच्या तिन्ही दिवसांना ‘हो’ मिळते. त्यामुळे ६२ प्रसंगांतून १८० ‘हो’ ओळी निघाल्या. नोंदी सुरू होताहोताच आलेल्या प्रसंगांच्या काही ओळी कटल्या. प्रमाण बरोबर ३ टक्के.

हे लेबल लावणे वाटते तितके सरळ नाही. शेतकऱ्याला दिसतो तो पानावरचा तेलकट डाग, आणि तो संसर्गाच्या दिवशी दिसत नाही. अनुकूल तापमानात साधारण चार ते सात दिवसांनी दिसतो. म्हणून डाग दिसलेल्या तारखेवरून मागे मोजून संसर्गाचा दिवस ठरवावा लागतो, आणि त्यात एक-दोन दिवसांची चूक गृहीतच धरायची. शिवाय प्रत्येक पिवळा डाग डाऊनीचा नसतो. अन्नद्रव्याची कमतरता, औषधाचा चट्टा, उन्हाचा भाजका, सगळेच लांबून सारखे दिसतात. शंकेचे पान तोडून आतून ओली केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, तोंड बांधून रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डागाच्या बरोबर मागे पांढरी कापसासारखी बुरशी आली तर डाऊनी. नाही आली तर त्या दिवशी ‘नाही’ न लिहिता ‘शंका’ लिहायचे आणि ती ओळ प्रशिक्षणातून वगळायची. ‘हो’ ओळी जेमतेम १८० असताना त्यातल्या २० चुकीच्या निघाल्या तर फटका मोठा बसतो. ‘नाही’च्या ५,८२० ओळींत तेवढ्याच चुका पचून जातात.

यंत्रांचेही तसेच. पान ओले असल्याचे सांगणारा सेन्सर बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) थर बसला की कोरड्यातही ओला दाखवतो. पर्जन्यमापकाच्या गाळणीत पालापाचोळा अडकला की मोठा पाऊस शून्य होतो आणि साचलेले पाणी दुसऱ्या दिवशी उन्हात थेंबथेंब मोजले जाते. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राशी रोज ताडून पाहिले तर हे लगेच उघडे पडते. शेजारच्या मंडळात ३० मि.मी. आणि आपल्याकडे शून्य असेल तर आधी गाळणी बघा, मग मॉडेल.

९७ टक्क्यांचा फुगा

पहिले तीन हंगाम प्रशिक्षणाला (४,५०० ओळी, १४० ‘हो’), चौथा तपासणीला (१,५०० ओळी, ४० ‘हो’, म्हणजे १४ प्रसंग). मॉडेल जसेच्या तसे चालवले, शक्यता ५० टक्क्यांच्या वर गेली तर ‘हो’ म्हणायचे. निकाल: सहा ओळींवर इशारा, त्यातले चार बरोबर. ३६ ‘हो’ ओळी हुकल्या. अचूकता ९७.५ टक्के.

आता काहीही न शिकलेले, रोज ‘नाही’ म्हणणारे मॉडेल घ्या. त्याची अचूकता ९७.३ टक्के. दोघांत फरक दोन ओळींचा. अचूकता हा आकडा इथे निरुपयोगी आहे, अहवालात दिला तर दिशाभूल करणारा आहे.

आरओसी वक्राखालचे क्षेत्रफळ (मॉडेल ‘हो’ ओळींना ‘नाही’पेक्षा किती वर लावते याचे माप, १ म्हणजे पूर्ण बरोबर) ०.९३ आले, तेही फसवेच. त्या वक्राच्या आडव्या अक्षावर ‘नाही’ ओळींपैकी किती चुकून पकडल्या हे प्रमाण असते. १,४६० ‘नाही’ ओळींपैकी ११८ वर खोटा इशारा गेला तर ते प्रमाण जेमतेम ८ टक्के दिसते. पण खरे इशारे ३२ असतील तर १५० पैकी ११८ खोटे, म्हणजे पाचातले चार. बागायतदाराला दुसरा आकडा भोगावा लागतो. म्हणून तपासताना प्रिसिजन (दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे) आणि रिकॉल (खऱ्या ‘हो’पैकी किती पकडले) पाहायचे, आणि सरासरी प्रिसिजनचा (वेगवेगळ्या उंबरठ्यांवरच्या प्रिसिजनच्या सरासरीचा) आकडा नेहमी मूळ प्रमाणाच्या, इथे ०.०३ च्या, शेजारी ठेवून वाचायचा.

बॅलन्स करण्याचे तीन मार्ग आणि ते आतून काय करतात

पहिला, ‘नाही’ ओळी कमी करणे. १४० ‘हो’ ठेवल्या आणि ४,३६० ‘नाही’तून ५६० निवडल्या. आता ‘हो’चे प्रमाण २० टक्के. मॉडेल धीट झाले, इशारे वाढले, रिकॉल वाढला, आणि बॅलन्स केल्याने शहाणपण आले असे वाटते. पण त्याची शक्यता आता खोट्या जगातली आहे. ती खऱ्या जगात आणायची तर हिशेब असा: ‘नाही’ ओळींचा ठेवलेला वाटा ५६० भागिले ४,३६०, म्हणजे ०.१२८. मॉडेल ६० टक्के म्हणाले तर ०.१२८ गुणिले ०.६ म्हणजे ०.०७७, त्याला ०.०७७ अधिक ०.४ ने भागायचे. उत्तर १६ टक्के. मॉडेलचे ५० टक्के म्हणजे खरे ११ टक्के. म्हणजे नमुना कापून आपण उंबरठा ५० वरून ११ वर आणला, एवढेच. शिवाय ३,८०० कोरड्या दिवसांची माहिती फेकून दिली ती वेगळीच.

दुसरा, वर्गाला वजन देणे. ‘बॅलन्स्ड’ पर्याय दिला की ‘हो’ ओळीचे वजन ‘नाही’च्या ३१ पट होते, आणि ५० टक्क्यांचा उंबरठा खऱ्या जगातल्या ३ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतो. म्हणजे आता इशारे जरुरीपेक्षा कितीतरी जास्त. ३१ हा आकडा आला तो ओळींच्या गणतीतून. बागेतल्या नफातोट्याशी त्याचा काही संबंध नाही. पुढच्या वर्षी पाऊस जास्त झाला, ‘हो’ ओळी दुप्पट झाल्या, की हे वजन आपोआप निम्मे होईल. औषधाचा दर तोच, द्राक्षाचा दर तोच, आणि निर्णय मात्र बदलला. याला काय अर्थ?

तिसरा, स्मोट. दोन ‘हो’ ओळींच्या मधला बिंदू घेऊन नवी कृत्रिम ‘हो’ ओळ तयार करायची. डाऊनीच्या बाबतीत हा प्रकार विशेष अंगलट येतो. पावसाने आलेला एक प्रसंग (पाऊस २२ मि.मी., पान ओले ९ तास) आणि धुक्याने आलेला दुसरा (पाऊस शून्य, पान ओले १३ तास), यांच्या मधोमध ११ मि.मी. पाऊस आणि ११ तास ओलाव्याची एक ओळ तयार होते. ती खरी असेलही, पण छाटणीचा दिवस, वाणाचा क्रमांक आणि शेवटच्या फवारणीचे अंतर यांचीही सरासरी निघते, आणि सोनाका व थॉमसनच्या मधले वाण कुठल्याच बागेत नसते. वाणासारख्या रकान्यांसाठी स्मोटचा वेगळा प्रकार आहे, तो तरी वापरावा. याहून मोठी चूक म्हणजे विभागणी करण्याआधी स्मोट चालवणे. मग तपासणीतल्या ओळीची कृत्रिम सावली प्रशिक्षणात जाऊन बसते आणि रिकॉल ९५ च्या घरात दिसू लागतो. असा आकडा दिसला की आधी कोडमध्ये क्रम तपासावा.

तीन मार्गांचे हे असे. लॉजिस्टिक रिग्रेशनसारखे (प्रत्येक रकान्याला वजन देऊन शक्यता काढणारे साधे) मॉडेल ३ टक्क्यांच्या डेटावरही ठीक शक्यता देते. ती तशीच घ्यावी, तिला हात लावू नये, आणि निर्णयाचा उंबरठा खर्चातून काढावा.

उंबरठा रुपयांतून

एका एकराला जादा फवारणीचा खर्च धरा १,८०० रुपये: औषध, ब्लोअरचे डिझेल, मजुरी, पाणी. फुलोऱ्यात संसर्ग बसला तर एकरी सरासरी नुकसान ३०,००० रुपये. वेळेवर मारलेले औषध त्यातले ७० टक्के वाचवते, म्हणजे २१,०००. संसर्गाची शक्यता गुणिले २१,००० हे १,८०० पेक्षा जास्त भरले तर फवारणी परवडते. उंबरठा १,८०० भागिले २१,०००, म्हणजे ८.६ टक्के.

मणी सेट झाल्यावर (घडात मणी धरल्यावर) तोच संसर्ग कमी नुकसान करतो. १२,००० धरले तर वाचणारे ८,४००, आणि उंबरठा २१ टक्के. म्हणजे एकच मॉडेल, एकच १५ टक्क्यांची शक्यता, पण फुलोऱ्यातल्या बागेला ‘मारा’ आणि सेटिंग झालेल्या शेजारच्या बागेला ‘थांबा’. दोघांना एकच इशारा पाठवणारी पद्धत दोघांपैकी एकाचे नुकसान करते.

तपासणीच्या हंगामात हे लावून पाहिले. सलग दिवसांचे इशारे एकाच फवारणीत मोडतात, म्हणून मोजणी ओळींत न करता फवारण्या आणि प्रसंगांत केली. ८.६ च्या उंबरठ्यावर १५० ओळींवर इशारा आला, त्यांच्या फवारण्या झाल्या ६४. तक्ता सोपा राहावा म्हणून सगळीकडे फुलोऱ्याचाच दर लावला आहे.

| धोरण | फवारण्या | १४ पैकी वाचलेले प्रसंग | निव्वळ फायदा, रुपये |
|---|---|---|---|
| जादा काहीच नाही | ० | ० | ० |
| मॉडेल, उंबरठा ५० टक्के | ३ | २ | ३६,६०० |
| मॉडेल, ‘बॅलन्स्ड’ वजन | १३५ | १३ | ३०,००० |
| साधा नियम: १० मि.मी. पाऊस किंवा रात्रभर ओले पान | ११० | १२ | ५४,००० |
| दर आठवड्याला एक फवारणी | २१० | ११ | तोटा १,४७,००० |
| मॉडेल, उंबरठा ८.६ टक्के | ६४ | १२ | १,३६,८०० |

साध्या नियमाची ओळ मुद्दाम ठेवली आहे. युरोपात डाऊनीसाठी ‘तीन दहा’चा जुना ठोकताळा आहे: शेंडा १० सें.मी., पाऊस १० मि.मी., तापमान १० अंश. सांगलीच्या ऑक्टोबरात तापमान १० च्या खाली जातच नाही, त्यामुळे तिसरी अट नेहमीच पूर्ण. शेंडाही लवकरच पुरेसा वाढतो. उरतो नुसता पाऊस. इथल्या हवेला म्हणून ओल्या पानाची अट जोडावी लागते. मॉडेलने निदान या नियमाला हरवले पाहिजे. कित्येक प्रकल्पांत ही तुलनाच केलेली नसते.

आठवड्याला फवारणी करणारा बागायतदार तक्त्यात वेडा ठरतो, पण तो वेडा नाही. तपासणीचा हंगाम तुलनेने कोरडा होता. ओल्या हंगामात त्याच २१० फवारण्या फायद्यात जातात. आणि ३०,००० ही सरासरी आहे: बहुतेक प्रसंगांत चार-पाच हजारांचे नुकसान, आणि एखाद्यात अख्खी बाग. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेल्याला ती एक बाग गेली तर सरासरीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी नुकसान ६०,००० धरून उंबरठा ४.३ टक्क्यांवर आणणे हा शहाणा निर्णय आहे. हा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. मॉडेल बनवणाऱ्याने तो गुपचूप आत घालून ठेवू नये.

खोट्या इशाऱ्याचा खर्च १,८०० वर संपतो असेही नाही. एकाच गटाचे आंतरप्रवाही औषध वारंवार मारले की बुरशी त्याला दाद देईनाशी होते, आणि निर्यातीच्या मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या मर्यादेचा प्रश्न येतो. म्हणून व्यवहारात ‘हंगामात या गटाच्या दोनच फवारण्या’ असे बंधन असते. मग प्रश्न बदलतो: आज वापरली तर पुढच्या पावसाला उरेल का? १५व्या दिवशी दोन्ही हातात असताना ९ टक्क्यांवर एक खर्च करणे महाग पडू शकते. ५५व्या दिवशी एक उरली असेल तर तीच ९ टक्के पुरेशी. मागच्या हंगामांच्या नोंदींवर सुरुवातीला थोडा चढा आणि शेवटाकडे उतरता उंबरठा चालवून पाहिला की अंदाज येतो. स्पर्शजन्य (पानावर वरवर राहणाऱ्या) औषधाला हे बंधन नाही, पण ते पावसाने धुऊन जाते.

८.६ चा उंबरठा तेव्हाच चालतो जेव्हा मॉडेलचे १५ टक्के म्हणजे खरोखर शंभरातले पंधरा असतात. हे तपासायला १० ते २० टक्क्यांच्या खणातल्या ६० ओळी पाहिल्या. त्यातल्या आठ ‘हो’ निघाल्या, १३ टक्के. ठीक. बिघाड दिसला असता तर सिग्मॉइड पद्धतीने (एका गुळगुळीत वक्राने) शक्यता सरळ केली असती. आयसोटॉनिक पद्धतीला (जी शक्यता पायरीपायरीने चढवते) यापेक्षा बऱ्याच जास्त ‘हो’ ओळी लागतात. १४० वर ती पायऱ्या पाडते आणि त्या पायऱ्या पुढच्या वर्षी ढासळतात.

खरा तुटवडा: ११ पाऊस

इथपर्यंत ३ टक्के या प्रमाणाची चर्चा झाली. पण प्रमाण हा या डेटाचा मोठा दोष नाहीच. ६० लाख ओळींत १ लाख ८० हजार ‘हो’ असत्या तर प्रमाण तेच आणि अडचण काही नाही. इथे १८० ओळी म्हणजे ६२ प्रसंग, आणि ते ६२ प्रसंग आले फक्त ११ ओल्या झटक्यांतून, म्हणजे पावसाच्या किंवा धुक्याच्या ओल्या काळांतून. पाऊस एका बागेत पडत नाही, पट्ट्यात पडतो. एका झटक्यात पाच-सहा बागा सापडतात, त्यांच्या ओळी जवळपास सारख्या असतात. प्रशिक्षणातल्या आठ झटक्यांपैकी पाच तर एकाच ओल्या हंगामातले.

म्हणून ओळी फेटून पाच भाग करण्याची नेहमीची पद्धत इथे लबाडी शिकवते. एकाच पावसातली एक बाग प्रशिक्षणात आणि तिच्या बांधाला लागून असलेली दुसरी तपासणीत गेली की मॉडेलने त्या पावसाची तारीख ओळखली तरी पुरते. ग्रेडियंट बूस्टिंगचे (अनेक छोटे निर्णयवृक्ष जोडणाऱ्या जास्त लवचीक मॉडेलचे) सरासरी प्रिसिजन फेटलेल्या विभागणीत ०.७१ आले. अख्खा झटका बाजूला ठेवून तपासले, म्हणजे दर वेळी एक झटका आणि त्याच्या आगेमागेचे दिवस पूर्ण वगळून, तर ०.३३. आठ रकान्यांच्या साध्या लॉजिस्टिकचे आकडे ०.४६ आणि ०.३८. पहिल्या पद्धतीत बूस्टिंग जिंकते, दुसऱ्या पद्धतीत लॉजिस्टिक. बागेत लागतो तो दुसरा आकडा, कारण पुढचा पाऊस नवाच असणार. निवड लॉजिस्टिकची झाली.

अनिश्चितताही झटक्यांवरच मोजावी. तपासणीच्या हंगामात झटके तीनच होते. १४ पैकी १२ प्रसंग वाचले हा आकडा एक झटका इकडेतिकडे झाला की ७ किंवा १४ होऊ शकतो. हुकलेले दोन्ही प्रसंग एकाच प्रकारचे निघाले: पाऊस नाही, दाट धुके, पहाटेपासून दहा वाजेपर्यंत ठिबकणारी पाने. प्रशिक्षणातल्या आठ झटक्यांत असा धुक्याचा एकच होता, आणि तो वगळून तपासताना मॉडेल तिथेही पडले होते. कारण सरळ आहे: बाकीच्या सातांत पाऊस आणि ओले पान एकत्रच आले, म्हणून वजनाचा मोठा हिस्सा पावसाच्या रकान्याने खाल्ला. उपाय म्हणून पाऊस आणि ओलाव्याचे तास हे वेगवेगळे रकाने न ठेवता ‘सलग ओल्या तासांत सरासरी तापमान किती’ असा एकच रकाना केला, कारण बुरशीला पाणी ढगातून आले की दवातून याने फरक पडत नाही. रोगशास्त्रातली एक ओळ इथे शंभर कृत्रिम ओळींपेक्षा जास्त कामाची आहे.

फवारणीने झाकलेला संसर्ग

सगळ्यात अवघड भाग हा. बागायतदार पावसाचा अंदाज पाहून आधीच औषध मारतो. म्हणजे सर्वांत धोक्याच्या दिवशी बाग सर्वांत जास्त राखलेली असते आणि डाग येत नाही. डेटात ती ओळ ‘नाही’ म्हणून पडते. मॉडेल त्यातून शिकते की मोठ्या पावसाचा अंदाज असला की धोका कमी. लॉजिस्टिकचे सहगुणक (रकान्यांची वजने) उघडून पाहिले आणि पुढच्या तीन दिवसांच्या पावसापुढे उणे चिन्ह दिसले, की हेच झालेले असते. अशा वेळी रकाना काढून टाकणे हा सोपा मार्ग, पण चुकीचा. झाकलेला संसर्ग बाकीच्या रकान्यांतही पसरलेला असतो.

इथे काय करता येते? शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले आणि ती आंतरप्रवाही होती की स्पर्शजन्य, हे रकाने ठेवून, अंदाज काढताना ‘फवारणी झालेली नाही’ असे मूल्य घालून विचारायचे. हे तेव्हाच पटते जेव्हा तसल्याच हवेत न फवारलेल्या काही ओळी डेटात असतात. त्या मिळवायला काही बागांच्या कोपऱ्यात दहा-बारा वेली जादा फवारणीशिवाय ठेवाव्या लागतात. त्याला कोणी सहजी तयार होत नाही, आणि बरोबरच आहे. तिथून रोग बाकीच्या बागेत पसरतो. मधला मार्ग म्हणजे कुंडीतली रोपे. न फवारलेली चार-पाच रोपे बांधावर ठेवायची, दर आठवड्याला बदलायची, डाग दिसला की उचलून दूर नेऊन नष्ट करायची. ३० पैकी सहा बागांत हे केले तरी झाकलेल्या दिवसांचा काही अंदाज येतो.

ज्या ओळीत मागच्या पाच दिवसांत आंतरप्रवाही औषध बसले आहे आणि डाग आला नाही, तिथे ‘नाही’ लिहूच नये. ‘माहीत नाही’ लिहून ती वगळावी किंवा वजन कमी करावे. मॉडेल वापरात आल्यावर हा प्रश्न आणखी चिघळतो, कारण आता फवारणी मॉडेलच्याच सांगण्यावरून होते. इशारा बरोबर होता म्हणून औषध मारले, मारले म्हणून डाग आला नाही, डाग आला नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात तो इशारा खोटा ठरला. दोन वर्षांत मॉडेल स्वतःचाच आवाज बंद करते.

इशारा पोचवताना

६४ फवारण्यांत १२ कामी आल्या. म्हणजे पाचातल्या चार वेळा बागायतदाराला वाटणार, उगाच मारले. हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या इशाऱ्यानंतर कोणी मोबाइल उघडत नाही. नुसते ‘डाऊनीचा धोका: जास्त’ असे पाठवू नये. संदेश असा असावा:

‘प्लॉट २, छाटणीनंतर ३६वा दिवस, फुलोरा. अशा हवेत १०० पैकी साधारण १३ वेळा डाऊनी बसते. तुमच्या हिशेबाने ९ च्या वर फवारणी परवडते. उद्या दुपारनंतर पावसाचा अंदाज. मारायचे असेल तर उद्या सकाळी दहाच्या आत.’

चार टक्के ते उंबरठा या पट्ट्यात तिसरा सल्ला ठेवला: मारू नका, पण बाग फिरून या, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातल्या आणि दाट कॅनॉपीतल्या (पानांच्या मांडवातल्या) खालच्या पानांची मागची बाजू बघा. अर्ध्या तासाची ही फेरी १,८०० पेक्षा स्वस्त असते आणि तिच्यातून लेबलही मिळते. फक्त इशारा आलेल्या बागाच फिरल्या तर इशारा न आलेल्या बागांतला रोग नोंदीत येणारच नाही, म्हणून दर आठवड्याला चिठ्ठी टाकून तीन बागा इशाऱ्याशिवायही तपासायच्या.

आणखी एक तांत्रिक खाच, जी कागदावर दिसत नाही. प्रशिक्षणात ‘पुढच्या तीन दिवसांचा पाऊस’ या रकान्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस भरला तर मॉडेल उत्तम चालते, कारण ते भविष्य पाहत असते. बागेत त्याला अंदाजच मिळतो, आणि परतीच्या पावसाचा तालुकानिहाय अंदाज किती हुकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या त्या संध्याकाळी दिलेला अंदाज तसाच साठवून ठेवलेला लागतो. तो नसेल तर हा रकाना वापरू नये, आणि आजपासून साठवायला सुरुवात करावी.

पहिला पूर्ण हंगाम मॉडेल मुके चालवायचे: शक्यता रोज काढायची, नोंदवायची, कोणाला पाठवायची नाही. बागायतदार आपल्या नेहमीच्या पद्धतीने आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने चालतील. जानेवारीत नोंदी उघडून पाहायचे की मॉडेलच्या १० ते २० टक्क्यांच्या खणात खरोखर तितकेच प्रसंग आले का, आणि धुक्याच्या दिवशी नव्या रकान्याने काय केले. त्या हंगामात ओला झटका एकही आला नाही तर तपासणी झालीच नाही असे धरायचे आणि आणखी एक हंगाम मुकेच ठेवायचे.